आक्का हाँगकाँगला निघाली तो हिवाळा

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती एकदम अंगात शिरली. काल सकाळी भांडगावच्या आमच्या रानात गेले तर ज्वारी पोटऱ्यात आलेली. पानांच्या कुशीत दडलेलं कणीस, पानांवर दव, आणि पलीकडच्या गुऱ्हाळाचा धूर जमिनीलगतच रेंगाळलेला. मी बांधावर उभी राहिले आणि मला हाँगकाँग आठवलं.

ऐकणाऱ्याला हसू येईल, पण आमच्या घरात ज्वारीचं आणि हाँगकाँगचं नातं आहे. काही वर्षांपूर्वी असाच एक हिवाळा आला होता. ज्वारी पोटऱ्यात होती तेव्हा त्या शहराला जायचं ठरलं, हुरड्याच्या दिवसांत ते मोडता मोडता राहिलं, आणि काढणी आटोपून कडबा रचला तेव्हा आम्ही विमानात बसलो. राहायचं होतं चारच दिवस. तयारी मात्र अख्ख्या हंगामाची.

आम्ही म्हणजे मी आणि आक्का. आक्का माझी थोरली जाऊ. दीर लवकर गेले, पदरी मूल नाही. मी दौंडच्या सरकारी दवाखान्यात नर्स. कधी सकाळची ड्यूटी, कधी रात्रीची. माझी मुलगी प्रज्ञा आक्काच्याच अंगाखांद्यावर वाढली. मला ती आई म्हणायची आणि आक्काला मोठी आई. ताप आला की हाक मात्र एकच निघायची, आणि ती माझ्यासाठी नसायची. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग वाटेनासं झालं.

आक्का सोलापूर रोडला लिंबाखाली पेरू घेऊन बसायची. शेजारी पोतं अंथरून प्रज्ञा. समोरून दिवसभर गाड्या. त्यात ते लांबलचक ट्रेलर, पाठीवर लोखंडाचे डबे घेतलेले. निळे, तांबडे, विटकरी. त्यांच्यावर कसली कसली अक्षरं. प्रज्ञा इंग्रजी अक्षरं शिकली ती त्या डब्यांवरून. पाटीवर गिरवली ती नंतर. आक्काला शाळा ठाऊक नाही. ती रंगावरून डबे ओळखायची आणि पोरीला विचारायची, "हे एवढालं डबं जात्यात तरी कुठं गं?"

"समुद्रावर," प्रज्ञा सांगायची. समुद्र दोघींनीही पाहिलेला नव्हता.

पोरगी शिकली, पुण्यात इंजिनिअर झाली, आणि फिरत फिरत हाँगकाँगला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात लागली. काम काय, तर कुठला डबा कुठल्या जहाजावर चढायचा ते ठरवायचं. फोनवर तिनं हे सांगितलं तेव्हा आक्कानं पिठाची परात पुढं ओढली. मग मला म्हणाली, "म्हंजी तिला घावलं म्हणायचं." आणि भाकरी थापायला लागली.

त्या वर्षी दिवाळीला प्रज्ञा आली होती. पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं. चहाचा कप डाव्या हाताला ठेवला तर आक्का तो समोर शोधत होती. दारातून जाताना चौकटीला खांदा लागला. पेरू घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं बाजूनं हात पुढं केला तर तिला तो दिसलाच नाही. मी नर्स, रोज त्याच घरात. मला वाटलं, वय झालं. प्रज्ञानं त्याच आठवड्यात तिला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. बाजूची नजर विरत चाललेली, मधली तेवढी शाबूत. डॉक्टरांनी मूठ वळून तिची नळी केली, डोळ्याला लावून दाखवली. "आजी, तुम्हाला आता असं दिसतंय. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं सांभाळायचं." थेंब दिले, वेळा सांगितल्या.

गाडीतून परत येताना यवतच्या पुढं प्रज्ञा एकदम म्हणाली, "मोठी आई, तू माझ्याकडं चल. थोडे दिवस. समुद्र बघ, माझं शहर बघ."

आक्का खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "डबं दिसत्याल का तिथं?"

"डब्यांचे डोंगर दिसतील."

"मग येती की."

असं ठरलं. पोपटी ज्वारीच्या दिवसांत, गाडी साठच्या वेगात असताना.

त्यानंतरच्या संध्याकाळी आठवतात त्या अंगणातल्या. ऊन कलायचं, म्हशीची धार व्हायची, आणि प्रज्ञाचा फोन यायचा. तिकडं तोवर दिवे लागून गेलेले असत. ती खिडकीला फोन धरायची. समोर पाणी. काळं, पण दिव्यांनी पेटलेलं. पाण्याच्या काठाशी इमारती अशा उभ्या, की पायथ्याला माती आहे की नाही याचीच शंका यावी. मागं डोंगर, त्याच्या अंगावरही दिवे. इकडून तिकडं होड्या जातायेत, त्यांच्या मागं उजेडाच्या रेघा थरथरतायेत. मी फोन आणखी जवळ धरायची. इतकी माणसं, एकावर एक, आणि त्यात कुठल्या तरी खिडकीत आमची पोरगी. मी आपोआप पदर सावरून सरळ बसायची. भीती म्हणावी तर भीती नव्हे. बोधगयेला पहिल्यांदा त्या पिंपळाखाली उभी राहिले होते तेव्हाही असंच झालं होतं.

एक गोष्ट मला तेव्हा कळली. फोनचा पडदा आक्काच्या नजरेत बरोबर मावायचा. तिला त्यात अख्खं शहर दिसायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खरं शहर समोर आलं की काय होणार? नळीतून आभाळ बघायचं. मी एकदा धीर करून बोलले, "आक्का, तिथं जाऊन यापेक्षा कमीच दिसंल तुम्हाला."

ती लसूण सोलत होती. हात थांबले नाहीत. "फोनमधी समदं हाय, मंगल. पर फोनमधी मी न्हाई ना तिथं."

मी तिच्यापुढचा थोडा लसूण ओढून सोलायला बसले.

बेत रोज बदलायचा. प्रज्ञाला वाटायचं, डोंगरावरची बुद्धमूर्ती पहिल्या दिवशी व्हावी. केवढी मोठी, केवढी शांत, आभाळाला टेकलेली, ती सांगत राहायची. आम्ही बौद्ध माणसं, मला तिचं म्हणणं पटायचं. आक्का मात्र ऐकेना. "आधी डबं. तथागत कुठं पळून जात न्हाईत." यावर प्रज्ञाचे वडील ओसरीवरून हसायचे. ते म्हशीपायी मागं राहणार होते, त्यामुळं बेतात त्यांना मत नव्हतं, पण ते द्यायचे. "वहिनी, तिकडं विंचू तळून खातात म्हणं."

"खाऊ द्या की भाऊजी. आपल्याकडं त्यो आपल्याला खातोय."

पासपोर्टच्या ऑफिसात आक्काच्या बोटांचे ठसे उठेनात. उसाची पाचट, कांद्याची पात, शेणखत, राख, इतक्या वर्षांत बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. काउंटरवरची मुलगी पुन्हा पुन्हा काच पुसायची आणि म्हणायची, "आजी, जरा दाबून." शेवटी ती उठून बाहेर आली, आक्काचा हात आपल्या दोन्ही तळहातांत धरून तिनं चोळला, ऊब आणली आणि एकेक बोट स्वतः काचेवर ठेवलं. हिरवा दिवा लागला. आक्का म्हणाली, "तुझ्या आईला सांग, चांगली लेक हाय म्हणावं." ती मुलगी लाजली. आम्ही बाहेर पडलो तरी काचेतून हात हलवत होती.

ज्वारी हुरड्यावर आली. शिरूरहून माझा भाऊ चाकांची बॅग घेऊन आला, म्हणून शेकोटी केली. कोवळी कणसं आगटीत भाजायची, हातावर चोळायची, वर लसणाची चटणी. आक्का ती बॅग अंगणात फिरवून बघत होती, पाळीव जनावर असल्यासारखी. सगळे हसत होते. मी हसत होते, पण माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांची तपासणी होती.

डोळ्यांतला दाब वाढला होता. थेंब वेळच्या वेळी घालूनही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, फार लांबवू नका, आणि त्यानंतर काही आठवडे प्रवास नाही. मी लगेच मान हलवली. मला माहीत होतं वाढलेला दाब काय करतो ते. तो दुखवत नाही, ओरडत नाही. बसल्या जागी नजर कुरतडत जातो.

आक्का म्हणाली, "डाक्टरसाहेब, आपरेशन क्येलं म्हंजी जादा दिसाया लागंल का?"

"नाही आजी. आहे ते टिकावं म्हणून करायचं."

"आन् टिकंलच?"

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडं वळवली. चांगले गृहस्थ होते. "बहुतेकांचं टिकतं. सगळ्यांचं टिकतं असं मी सांगणार नाही."

"मग मला आधी बघून येऊ द्या. मग टिकवा."

मी मधेच म्हटलं, "आक्का, शहर कुठं जातंय? पुढच्या वर्षी जाऊ." माझा आवाज चढला होता. ती माझ्याकडं वळली. तिला माझ्याकडं बघायला आता पुरतं वळावं लागायचं, नुसता डोळा फिरवून भागायचं नाही. "शहर न्हाई जात गं. जातंय ते मला ठावं हाय."

डॉक्टरांनी पेन उचललं. दुसरे थेंब लिहून दिले, जोडीला गोळी. म्हणाले, "पंधरा दिवसांनी या. दाब खाली आला असेल आणि स्थिर असेल, तर चार दिवस जाऊन या. नसेल आला, तर माझं ऐकायचं. कबूल?"

"कबूल," आक्का म्हणाली.

ते पंधरा दिवस अजून माझ्या अंगावर येतात. प्रज्ञा फोनवर रडली. म्हणाली, मीच हे खूळ काढलं, तिकिटं रद्द करते. आक्कानं फोन मागून घेतला. "तू रडू नगंस. आन् काय बी रद्द करू नगंस. मी दवा घेती ना." आणि खरंच घेत होती. थेंबाची वेळ झाली की रानातून, पेरूच्या पाटीवरून, जिथं असेल तिथून उठून यायची. माझ्यासमोर मान मागं टाकून बसायची. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायची, सांगितलं होतं तसं. ती मिटल्या डोळ्यांनी बसलेली असायची आणि मला वाटायचं, आत ती बंदरच रचत असेल. दिवसभर मला ओरडायचं असायचं, मोडा तो बेत. रात्री मीच फोन काढून त्या पाण्याचे, त्या दिव्यांचे फोटो बघत बसायची. मलाही जायचं होतं. तिच्याइतकंच जायचं होतं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

दाब उतरला. डॉक्टरांनी दोनदा मोजून बघितला. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाले, "जा आजी. माझ्यासाठी काहीतरी बघून या."

आम्ही बाहेर आलो आणि रस्त्यातच एकमेकींना धरून उभ्या राहिलो. मग मला प्रज्ञाचं बोलणं आठवलं. तिनं सांगितलं होतं की ते शहर सगळं चढउतारांचं आहे, सरकत्या जिन्यांशिवाय पाऊल पुढं पडत नाही. मी रिक्षा केली आणि आक्काला थेट एका मॉलमध्ये नेलं. सरकत्या जिन्यापुढं ती थांबली. पायऱ्या जमिनीतून निघताना तिला दिसत होत्या, पण पाय टाकायचा तर खाली बघावं लागे, आणि खाली बघितलं की समोरचा कठडा नजरेतून जाई. मागं माणसं खोळंबली. दारावरचा सुरक्षारक्षक पुढं आला, बिहारकडचा असावा. "अम्मा, पहले हाथ रखो. पाँव अपने आप जाएगा."

आक्कानं कठड्यावर हात ठेवला. हात पुढं निघाला, त्याच्यामागं पाय. नऊवारीचा काठ सावरत ती वर चालली, आणि मी खालीच राहिले. वर पोचून ती वळली आणि हसली. ते हसू मी या घरात सून म्हणून आल्यापासून पहिल्यांदा पाहत होते. मग ती खाली आली आणि पुन्हा वर गेली. रक्षकानं दुसऱ्या रक्षकाला बोलावून दाखवलं. मी शेवटी मोजणं सोडलं.

आणि मग एके दिवशी, कडबा रचून झाल्यावर, आम्ही गेलो.

एवढे बेत केले, आणि पहिल्याच तासात सगळे उधळले. विमानतळावरून प्रज्ञानं आम्हाला दुमजली बसमध्ये बसवलं, वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेपाशी. 'आधी डबं' म्हणता म्हणता बेतात डबे तिसऱ्या दिवशी गेले होते. बस एका प्रचंड पुलावर चढली. खाली समुद्र. आक्कानं आणि मी पहिल्यांदा पाहिला तो असा, वरून, पक्ष्यानं पाहावा तसा. हिरवट, सुरकुतलेला, उन्हात चमकणारा, त्यात बेटंच बेटं. आक्कानं माझा दंड घट्ट धरला. आणि पूल संपून थोडं पुढं गेलो, तर उजव्या अंगाला डबे. डोंगर म्हणाली होती पोरगी, ते खोटं नव्हतं. निळे, तांबडे, विटकरी, थरावर थर, क्षितिजापर्यंत. त्यांच्यावर वाकलेल्या याऱ्या, जिराफांसारख्या उंच. एक डबा हवेत होता. एवढा मोठा डबा, आणि तो काडेपेटीसारखा अधांतरी सरकत जहाजाकडं चालला होता.

आक्का काचेकडं सरकली. तिनं उजवीकडं मान वळवली आणि सावकाश, बोटभर बोटभर, सगळं नजरेतून नेलं. मला आधी वाटलं होतं, नळीतून बघणाऱ्याला कमी दिसतं. ती ज्या रीतीनं बघत होती ते पाहून मला वाटलं, आम्ही डोळेवाले नुसती नजर टाकतो. ती एकेक डबा घेत होती. ओळ सुटू देत नव्हती. बस वळली तेव्हा तिचे गाल ओले होते. प्रज्ञा घाबरली, "मोठी आई, डोळे दुखतायत?"

"न्हाई गं," ती म्हणाली. "एवढं हाय, आन् तुला त्यातलं समदं ठावं हाय. मी तुला पेरूच्या पाटीशेजारी निजवत हुते."

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. बुद्धमूर्तीच्या पायऱ्या आक्का कठडा धरून चढली, आणि वर धुकं होतं, त्यामुळं तिला आणि आम्हाला सारखंच दिसलं. आधी काही नाही, मग धुक्यातून एक हात, उघडा, अभय देणारा. मग पुन्हा धुकं. आम्ही तिघींनी तिथंच उभ्या उभ्या त्रिशरण म्हटलं. आमच्या बाजूला उभी असलेली माणसं त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती, आणि चाल वेगळी असली तरी मधेच 'बुद्ध' ऐकू आल्यासारखं वाटलं. संध्याकाळी फेरीबोटीत लाकडी बाकावर बसलो. दोन्ही काठांवर दिवे लागत होते. एवढा उजेड माणसांनी केलाय, आणि रोज करतात, आणि कुणी त्याचा डांगोरा पिटत नाही, हे माझ्या मनात मावेना. बोट पलीकडं पोचली. आम्ही उतरलो, आणि पुन्हा तीच बोट पकडून अलीकडं आलो. आणि पुन्हा.

परत आल्यावर ठरल्याप्रमाणे ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याचं चांगलं झालं. डाव्याचं म्हणावं तसं नाही. आज आक्काला उजव्यानं समोरचं दिसतं, रानातलं ज्वारीचं ताट दिसतं, चूल दिसते. डावा नावापुरता. त्या चार दिवसांनी डाव्याचं काही नुकसान केलं का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, तसं वाटत नाही. मी पुन्हा विचारलं नाही. आक्कानं तर एकदाही विचारलं नाही. हुरड्याला बाया जमल्या की तिला सांगायला लावतात. ती सांगते. तारेवर दोन-दोन बोटांच्या अंतरानं वाळत घातलेले कपडे, चाळिसाव्या मजल्यावर. दुकानात टांगलेली भाजलेली बदकं. आगगाडीत उभ्यानं झोपलेली माणसं. मी तिच्यासोबत होते, आणि यातलं निम्मं मी पाहिलंच नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती शेवटची सकाळ. दुपारी निघायचं होतं. प्रज्ञा आम्हाला घराजवळच्या पाण्याकाठच्या बागेत घेऊन गेली. तिथं पंधरा-वीस म्हाताऱ्या बाया रांगा करून उभ्या होत्या, सैल पायजमे, पायात कापडी बूट. कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांचे हात एकदम, पाण्याखाली असल्यासारखे सावकाश वर जात होते, सावकाश खाली येत होते. मागं बंदरातून एक जहाज तितक्याच सावकाश चाललं होतं. आम्ही बाकावर बसलो. आक्का बसली नाही.

ती चालत गेली आणि शेवटच्या रांगेच्या टोकाला उभी राहिली. पदर खोचला. समोरच्या बाईच्या पाठीवर नजर लावली, तेवढीच तिच्या नजरेत मावत होती, आणि तिनं हात उचलले. मी त्या हातांना काय काय करताना पाहिलं होतं. ऊस तोडताना, शेण सारवताना, प्रज्ञाला न्हाऊ घालताना. काही न उचलता, काही न ठेवता, नुसते हवेत उघडलेले ते हात मी पहिल्यांदा पाहत होते. प्रज्ञानं माझा हात धरला. 

एक कृश बाई रांगांतून फिरत आली, तीच शिकवणारी असावी. तिनं आक्काचं कोपर दोन बोटांनी थोडं वर केलं, खांदा थोडा खाली दाबला. आक्कानं तसं केलं. शेवटी सगळ्यांनी श्वास सोडला, हात जोडले, वाकल्या. आक्काही वाकली.

बाया पांगल्या. ती कृश बाई आक्कासमोर थांबली, हसली आणि जमिनीकडं बोट दाखवून तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. प्रज्ञा सांगायला उठली, पण तिची गरज पडली नाही.

"व्हय बाई, लई बरं वाटलं," आक्का तिचा हात धरून म्हणाली. "पर उद्या न्हाई जमायचं. आज जायचंय."

त्या बाईनं मान हलवली, आणि आक्काचा हात काही वेळ सोडला नाही.